विमलाबाईंचा अकरा मिनिटांचा आवाज

हिंगणघाटात किसनराव झाडे म्हटलं तर कोणी ओळखणार नाही. 'आगवाले जमादार' म्हणा, मग वेणा नदीच्या पुलापासून कापूस बाजारापर्यंत कोणीही घर दाखवेल. एकतीस वर्षं त्यांनी एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढून रुई दाबणाऱ्या कारखान्यात, आगीवर पहारा केला. पहारा म्हणजे खुर्ची टाकून बिड्या ओढणं नव्हे, बरं का. बिडी त्यांनी जन्मात ओढली नाही, आणि गेटातून आत येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाचे, हमालाचे खिसे स्वतः चाचपून काड्यापेट्या काढून घेतल्या. मालकाचा जावई एकदा सिगारेट पेटवून आत शिरला, तर त्याच्या तोंडातली काढून पाण्याच्या बादलीत टाकली. जावई लाल झाला. किसनराव म्हणाले, "बाहेर जाऊन प्या, जावईबापू. इथं रुई हाये."

रुईची आग लबाड असते. लाकूड पेटलं तर तडतडतं, गवत पेटलं तर दिसतं. रुईच्या दाबून बांधलेल्या गठाणीत ठिणगी शिरली, की ती आतल्या आत चालत राहते. वरून हात लावा, गठाण थंड. धूर नाही, वास नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोदामाला कुलूप लावून सगळे जेवायला जातात, आणि तेव्हा ती तोंड काढते. म्हणून किसनरावांचा एकच कायदा होता. ज्या गठाणीचा संशय आला ती बाहेर, आणि तिच्या दोन्ही अंगांच्या गठाणीही बाहेर. तपासत बसायचं नाही, कोणाला विचारायचं नाही. सत्त्याऐंशी साली त्यांनी नुसत्या वासावरून चाळीस गठाणी उघड्या मैदानात ओढायला लावल्या. मालक सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलला. तिसऱ्या दिवशी त्यातल्या दोन गठाणी मैदानात पेटल्या आणि गोदाम वाचलं, मशिनी वाचल्या, शंभर घरांची भाकरी वाचली. मालकाने बोलावून शाल दिली. शालीचं सोडा हो. त्या दिवशी हा कायदा किसनरावांच्या हाडात उतरला, आणि हाडात उतरलेली गोष्ट माणसाला ठरवून काढून टाकता येत नाही.

नव्व्याण्णव साली ते निवृत्त झाले. घरात बायको विमलाबाई आणि एकुलती एक मुलगी रीता. रीताने कम्प्युटरचा कोर्स केला होता, म्हणून दोन हजार एक साली त्याच क्लासवाल्याकडून एक जुना कम्प्युटर घरी आला. बैठकीच्या खोलीत देवाच्या फोटोखाली तो बसवला, आणि विमलाबाईंनी त्यावर क्रोशाचं झाकण विणून घातलं. किसनराव त्याच्याकडे फिरकतही नसत. विमलाबाई म्हणायच्या, "टीव्ही हाये, पन सिरियल नाई लागत. मंग कायले घेतला?" विमलाबाईंचा आवाज खणखणीत होता. त्या मागच्या अंगणात बोलल्या की पुढच्या गल्लीतला भाजीवाला थांबायचा. शेजारणी म्हणायच्या, या घराला बेल बसवायची गरजच नाही.

त्या आवाजाला दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात घोगरेपणा आला. आधी वाटलं, लोणच्याचा खार बाधला. मग हळद-दूध झालं, काढे झाले, गंडेदोरेही झाले. वर्षभराने सावंगीच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की कंठाचा कॅन्सर आहे. आवाजाची पेटी पूर्ण काढावी लागेल. बाई वाचतील. बोलणार नाहीत.

आता अशा वेळी माणसं रडतात, देवाला नवस बोलतात. रीताने दुसरंच केलं. सावंगीला जायच्या दिवशी सकाळी तिने बाजारातून एक छोटा माइक आणून कम्प्युटरला लावला आणि आईला समोर खुर्चीत बसवलं. घरातला टेप केव्हाचाच बंद पडला होता, म्हणून हा मार्ग.

"आई, बोल."

"काय बोलू वं? मले काय भाषन करता येते?"

"काईबी बोल. माह्या लेकराईले ऐकवीन मी पुढं. त्याईले आजीचा आवाज मायीत पायजे ना?"

रीताचं तेव्हा लग्नही ठरलेलं नव्हतं. पण विमलाबाई त्या एका वाक्यावर बोलत्या झाल्या. त्या अकरा मिनिटं बोलल्या. घोगऱ्या, मधेच फाटणाऱ्या, पण त्यांच्याच आवाजात. जो कोणी येईल, पोरगा असो की पोरगी, त्याला त्यांनी आपलं नाव सांगितलं, माहेरचं गाव सांगितलं, त्याचा आजोबा किती हट्टी आहे हे सांगितलं. एक पाळणा म्हणायला घेतला. तो अर्ध्यावर आला आणि त्या ओरडल्या, "रीते, दूध पाय, उतू गेलं!" मग पातेलं आदळल्याचा आवाज, आणि तिथे ते संपलं. रीताने ते एका फोल्डरमध्ये ठेवलं आणि फोल्डरला 'आवाज' असं नाव दिलं.

ऑपरेशन नीट झालं. विमलाबाई घरी आल्या त्या गळ्याला भोक आणि त्यावर मऊ फडकं घेऊन. डॉक्टरांनी ढेकर देऊन बोलण्याची एक रीत शिकवली होती. त्यांनी आठवडाभर ती करून पाहिली, मग लाज वाटते म्हणून सोडून दिली. रीताची लहानपणची पाटी माळ्यावरून काढली आणि पाटी-पेन्सिलीवर संसार सुरू झाला. महिन्याभराने रीताने त्यांना त्यांचाच आवाज ऐकवला. दोन मिनिटंही झाली नसतील, विमलाबाई उठून मागच्या अंगणात निघून गेल्या. त्यानंतर त्या कधी तो ऐकायला बसल्या नाहीत.

बसले ते किसनराव. रीताचं लग्न तळेगावच्या योगेंद्रशी झालं, ती सासरी गेली, आणि घर असं मुकं झालं की भिंतीवरच्या घड्याळाचा राग यावा. रीताने जाण्याआधी बापाला एवढंच शिकवलं होतं: बटण दाबायचं, उंदीर इथे न्यायचा, 'आवाज' उघडायचा. दर गुरुवारी विमलाबाई मंदिरात गेल्या की किसनराव कानाला हेडफोन लावून बसत. अकरा मिनिटं. हट्टी आजोबाच्या वाक्याला दर वेळी हसत, आणि दूध उतू गेलं की डोळे पुसून कम्प्युटरवर झाकण घालत.

मग कोणीतरी त्यांना सांगितलं, की कम्प्युटरमध्ये व्हायरस शिरतो आणि आतलं सगळं खाऊन टाकतो. झालं! निवृत्तीपासून झोपलेला जमादार खडबडून उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते भूपेंद्रच्या दुकानासमोर हजर. भूपेंद्र बापाचं किराणा दुकान अर्धं करून त्यात कम्प्युटर विकायला बसलेला तरुण माणूस. आजपर्यंत त्याच्याकडे अँटीव्हायरस घ्यायला आलेल्या माणसाने एकच प्रश्न विचारला होता, केवढ्याला. किसनराव स्टूल ओढून बसले आणि नवीन चौकीदार ठेवावा तशी चौकशी करू लागले.

"हे झोपते काय कधी?"

"नाई, काका. कम्प्युटर चालू तवर जागंच राह्यते."

"नवीन चोर आला त याले कसा समजते?"

भूपेंद्रने सांगितलं, की दर आठवड्याला कंपनी नवीन माहिती काढते, तिला अपडेट म्हणतात. ज्याच्या घरी इंटरनेट आहे त्याला ती आपोआप मिळते. नसेल त्याने इथून घेऊन जायची.

"म्हंजे याले दर आठवड्याले चोराचे फोटो दाखवा लागते."

"बरोब्बर!"

"मंग दोन लावून दे. आमच्या जिनिंगमंधी दोन पाळीले दोन मानसं राहे."

"दोन लावले त ते एकमेकालेच चोर समजतात, काका. मशीनच अडकते मंग."

किसनरावांना हे पटलं, कारण त्यांनी असे चौकीदार पाहिले होते. फुकटची सीडी त्यांनी परत केली, फुकट पहारा करणाऱ्यावर विश्वास नाही म्हणून. परदेशी होता तो त्यांच्या जुन्या मशीनला जड जाईल असं भूपेंद्रच म्हणाला. शेवटी एक देशी, वर्षभराचा, पक्क्या बिलाचा घेतला. त्यानंतर दर शनिवारी ऊन असो, पाऊस असो, किसनराव दुकानात. आधी फ्लॉपीवर आणि नंतर करंगळीएवढ्या पेन ड्राइव्हवर ते अपडेट घरी नेत आणि कॅलेंडरवर त्या तारखेला बारीक फुली मारत.

एकदा भूपेंद्र म्हणाला, "काका, एवढं जपून राह्यले, त आत जे हाये त्याची एक सीडी काढून ठेवा ना. मशीन घेऊन या, धा मिन्टात काढून देतो."

किसनराव एकदम ताठ झाले. "काई नाई तसं आत," म्हणाले.

त्यांच्या डोक्यात काय होतं ते सांगतो. बायकोचा आवाज या दुकानाच्या मशीनमध्ये जाणार, उद्या कोणीही पोरगं बटण दाबून तो ऐकणार, त्यावर हसणार. आपली बाई चार लोकांत आपल्या नवऱ्याला हट्टी म्हणते, हे बाजाराने ऐकायचं? आणि माल गोदामाबाहेर गेला की आपला पहारा संपला, हेही होतंच. तो आवाज त्यांनी पेन ड्राइव्हवरसुद्धा कधी घेतला नाही, कारण पेन ड्राइव्ह दुकानात लागायचा. वेडा माणूस! माझ्या हातात असतं तर तेव्हाच गदागदा हलवून सांगितलं असतं. पण हे सगळं नंतर सुचतं.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात तळेगावहून फोन आला, की रीताला दिवस आहेत. विमलाबाईंनी रिसीव्हर कानाला लावून ठेवला आणि टाळ्यांऐवजी मांडीवर हात मारून मारून आनंद कळवला. रिसीव्हर किसनरावांकडे आला तेव्हा रीता पलीकडून म्हणाली, "बाबा, आईचा आवाज हाये ना नीट? पयलं बाळंतपन तिकडंच. बारशाले पाळन्याजवळ लावू आपन."

"हाये ना! मी कायले बसलो इथं?" किसनराव म्हणाले. त्या दिवशी त्यांची छाती मालकाच्या शालीच्या वेळी फुगली नव्हती एवढी फुगली.

दसऱ्यानंतर रीताने आपले फोटो ई-मेलने पाठवले आणि ते उघडायचा पासवर्ड फोनवर सांगितला. भूपेंद्रच्या दुकानाला त्या दिवशी सुट्टी होती. किसनरावांना धीर निघेना. पोटुशी लेक पाहायची होती. ते एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेले, तिथल्या माणसाने पेन ड्राइव्ह आपल्या मशीनला लावून फोटो त्यावर टाकले, आणि तेच घेऊन ते घरी आले. दोघा म्हाताऱ्यांनी संध्याकाळभर फोटो पाहिले. एक दिवस काही झालं नाही. गुरुवारी 'आवाज' उघडला, अकरा मिनिटं ऐकला, तेव्हाही काही नाही.

शनिवारी नवीन अपडेट टाकलं, आणि पडद्यावर लाल चौकट आली. कर्कश भोंगा वाजला. चौकटीत नाव होतं, 'आवाज'.

किसनरावांनी खुर्ची पुढे ओढली. इंग्रजी अक्षरं त्यांना ओळखू यायची, गठाणींवरचे मार्क वाचून वाचून. रीताने जाण्याआधी एका कागदावर तीन बटणांचे अर्थ लिहून दिले होते. क्लीन म्हणजे साफ करा. क्वारंटाइन म्हणजे बाजूला कोंडून ठेवा. डिलीट म्हणजे पुसून टाका. त्यांनी क्लीन दाबलं. चौकट परत आली, साफ होत नाही म्हणाली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पलीकडे दुसरी चौकट उघडली, तीत रीताच्या फोटोंच्या फोल्डरचं नाव. मग तिसरी. भोंगा थांबेना. बाहेर अंगणात विमलाबाई कपडे वाळत घालत होत्या, त्या खिडकीशी येऊन भुवया उंचावून विचारू लागल्या, काय झालं?

त्या क्षणी किसनराव बैठकीत नव्हते. ते गोदामात होते. एक गठाण पेटली आहे, तिच्या शेजारची पेटते आहे, आणि बोट हलवलं नाही तर सगळं जाणार. कोंडून ठेवायची आग असते का कधी? कोंडलेली आग म्हणजेच तर रुईची आग. त्यांनी डिलीट दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. भोंगा थांबला. पडदा स्वच्छ झाला. जिथे 'आवाज' लिहिलेलं असायचं तिथे काहीच नव्हतं.

मग त्यांनी उंदीर फिरवून सगळीकडे शोधलं, बंद करून चालू केलं, परत शोधलं. विमलाबाई आत आल्या तेव्हा त्यांनी घाईने झाकण घातलं आणि म्हणाले, "काई नाई. भोंगा बिघडला." चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोशी बोललेलं हे पहिलं खोटं असावं.

पुढच्या दोन दिवसांत मशीन अगदी रडतखडत चालायला लागलं, आणि किसनरावांनी भूपेंद्रला घरी बोलावलं. "सगळं पूस. पुरं खाली करून नव्यानं टाक."

भूपेंद्रने मशीन उघडलं आणि हात थांबवून विचारलं, "काका, फॉरमॅट करतो मी. एकडाव झालं की वापस येत नाई. आत काई कामाचं हाये काय?"

विमलाबाई दारात चहा घेऊन उभ्या होत्या. गळ्यावरचं फडकं एका हाताने नीट करत होत्या.

"नाई," किसनराव म्हणाले. "काईच नाई."

आणि पुसलं सगळं. दीड तास लागला. मधे विमलाबाईंनी भूपेंद्रला पोहे दिले.

महिना-सव्वा महिन्याने, म्हणजे नोव्हेंबर संपता संपता, किसनराव शनिवारचं अपडेट घ्यायला दुकानात गेले. हो, जात होते. राखायला काही उरलं नव्हतं, तरी पाय जात होते. दुकानात लीलाबाई मॅडम बसल्या होत्या, शाळेत शिकवणाऱ्या. त्यांच्या परीक्षेच्या पेपरांचे फोल्डर व्हायरसने गेले म्हणून त्या रडवेल्या झाल्या होत्या.

"गेले नाई, मॅडम," भूपेंद्र म्हणाला. "हा व्हायरस मोठा बदमाश हाये. तुमचं खरं फोल्डर लपवून ठेवते आन त्याच्याच नावाचं नकली समोर उभं करते. अँटीव्हायरस मारते ते नकली. तुमाले वाट्टे, आपलं गेलं. खरं तिथंच राह्यते, फक्त दिसत नाई." त्याने मॅडमच्या मशीनवर काळी खिडकी उघडून तीत एक ओळ टाइप केली, बटण दाबलं, आणि मॅडमचे सगळे पेपर एकामागोमाग एक पडद्यावर हजर झाले. मॅडम हसायलाच लागल्या.

किसनराव स्टुलावरून उठले. परत बसले. "डिलीट दाबलं तरी?" त्यांनी विचारलं.

"तरीबी. डिलीट नकलीच होते ना, काका."

"आन फॉरमॅट केलं त?"

भूपेंद्र वळला. त्याने किसनरावांचा चेहरा पाहिला आणि मॅडमना उद्या यायला सांगितलं. दुकानात दोघंच राहिले तेव्हा किसनरावांनी सांगून टाकलं. ऑपरेशन, अकरा मिनिटं, पाळणा, सगळं. सांगताना ते काउंटरच्या काचेकडे पाहत होते.

"काका," भूपेंद्र म्हणाला. "मी इचारलं होतं ना तुमाले. तवा काऊन नाई सांगतलं?"

भूपेंद्रने किसनरावांच्या कम्प्युटरमधली डिस्क काढून आणली, चार दिवस दुकान अर्धवट सोडून तिच्या मागे लागला, नागपूरच्या एका जाणकारालाही दाखवून आला. रीताचे अर्धे कापलेले दोन फोटो निघाले. आवाज निघाला नाही. त्याने त्या कामाचं काही घेतलं नाही, आणि पुढे कित्येक महिने किसनराव दिसले की तोच खाली मान घालायचा.

एक गोष्ट मात्र किसनरावांना आतून कुरतडत राहिली. आग लागलीच नव्हती. सगळं थंड होतं, जागच्या जागी होतं. गोदाम त्यांनी स्वतःच्या हातांनी रिकामं केलं.

डिसेंबरात रीता बाळंतपणाला आली. आल्या आल्या तिने कम्प्युटरकडे पाहिलं. "बिघडला हाये," किसनराव म्हणाले, "दुरुस्तीले सांगतलं हाये." ती थकलेली होती, तिने फार विचारलं नाही. फेब्रुवारीत मुलगी झाली. गोरी, मोठ्या तोंडाची, आणि रडायला लागली की पुढच्या गल्लीपर्यंत ऐकू जावं असा गळा. शेजारणी म्हणाल्या, आजीवर गेली. विमलाबाई तोंडाला पदर लावून हसल्या, आणि किसनराव उठून बाहेर गेले.

बारशाच्या आदल्या दिवशी रीता म्हणाली, "बाबा, आता तरी आना ना दुरुस्त करून. उद्या लावाचा हाये ना आवाज."

तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. रीता बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली, आणि किसनराव स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. विमलाबाई घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत होत्या.

"विमल," ते म्हणाले. "तुहा आवाज गेला. माह्या हातानं गेला."

विमलाबाईंचा हात सुपातच थांबला. किसनरावांनी सगळं सांगितलं. भोंगा, तीन बटणं, भूपेंद्रचा प्रश्न. तू दारात चहा घेऊन उभी होतीस आणि तुझ्यासमोर मी म्हणालो, आत काही कामाचं नाही. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

आता मी सांगितलं असतं, की त्या साध्वीने क्षमा केली, तर तुम्हालाही बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. विमलाबाईंनी सूप उचललं आणि आपटलं. हरभरे घरभर उधळले. मग पातेली आपटली, डबे आपटले, त्या दुपारभर त्या घरात जे भांडं हाताला लागलं ते वाजलं. शेवटी तोंड उघडून त्यांनी काहीतरी मोठ्याने म्हणायचा प्रयत्न केला, आणि गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली. किसनराव उंबऱ्यावरून हलले नाहीत. आवाज ऐकून रीता बाहेर आली, तिला कळलं, आणि तीही बापाशी न बोलता आत गेली.

चार वाजले असतील. किसनराव खाली बसून एकेक हरभरा वेचत होते. विमलाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. हातात पाटी. रडून रडून डोळे सुजले होते. पाटीवर लिहिलं होतं, 'कसा होता?'

किसनरावांना कळेना. "काय कसा होता?"

त्यांनी पदराने पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं. 'माहा आवाज. मी एकडावच ऐकला. तोबी अर्धा. आता आठवत नाई.'

आणि किसनरावांचा बांध फुटला. हा माणूस आपली आई गेली तेव्हा रडला नव्हता. तो हरभऱ्यांत बसून लहान पोरासारखा रडला. विमलाबाई थांबल्या. मग आत गेल्या, रीताच्या कुशीतून मुलीला उचललं, आणि आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. पाटीवर लिहिलं, 'हिले सांगा. मी ऐकते.' रीताही मागून आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

किसनरावांनी नाक पुसलं. मुलगी त्यांच्याकडे टक लावून पाहत होती.

"तुही आजी," ते म्हणाले, "सकाळी उठली की तिचा आवाज जाडा राहे. च्या पेली की मंग मोकळा होये. मले हाक मारे त नाव नाई घे, नुसतं 'आयकलं काय' म्हने. पन ते 'आयकलं काय' पाच तऱ्हेचं राहे. मीठ संपलं त येगळं, पावना आला त येगळं. रागात राह्यली त आवाज चढे नाई तिचा, खाली जाये. खाली गेला की मी समजो, आज आपलं काई खरं नाई. आन गानं म्हने त वरच्या पट्टीत जाताना जरासा फाटे, मंग तिथं ती हसून देये..."

विमलाबाई जमिनीवर बसल्या. भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले आणि कान इकडे लावला. किसनराव थांबले की त्या पाटीवर पेन्सिल ठोकत, आणि किसनराव पुढे सांगू लागत. मुलगी केव्हाच झोपली होती. दिवे लागायची वेळ झाली, तरी कोणी उठलं नाही.